सावता माळ्यांच्या मळ्यात झेंडू होता का?

१/ सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात अरण हे संत सावता माळी यांचे गाव. शके १२१७ मध्ये, म्हणजे इ.स. १२९५ साली, त्यांनी तेथेच समाधी घेतली. दसऱ्याचे झेंडूचे ढीग पाहिले की सावतोबांच्या मळ्यातही हे फूल असेल, असे सहज वाटते. पण ते शक्य नव्हते.

२/ झेंडू मूळचा मेक्सिकोचा. कोलंबस १४९२ साली अमेरिकेस पोहोचला, वास्को द गामा १४९८ साली कालिकतला आला आणि १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. झेंडू आपल्याकडे आला तो या सागरी व्यापारानंतर. सावतोबांच्या पश्चात किमान दोनशे वर्षांनी.

३/ निशिगंधही मेक्सिकोचा. देवळांच्या आवारातला पांढरा चाफा आणि परसातली गुलबक्षी, दोन्ही अमेरिका खंडातल्या. सोनचाफा मात्र इथलाच.

४/ मग तेव्हा फुलत काय होते? ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, समाधीच्या अवघी पाच वर्षे आधीची. तिच्या अठराव्या अध्यायात मोगऱ्याचा दृष्टान्त आहे : फुले गुंफलेली असोत वा मोकळी, सुगंध उणा होत नाही. मोगरा, जाई, कमळ, सोनचाफा ही त्या काळची फुले.

५/ हीच कसोटी सावतोबांच्या नावावरील भाजीच्या प्रसिद्ध अभंगाला लावता येते. त्यात मिरची आहे आणि मिरचीही अमेरिकेतलीच. मौखिक परंपरेत पुढच्या गायकांनी आपल्या काळाचे पीक त्यात ओवले असावे, असा तर्क त्यामुळे करता येतो.

६/ झेंडू इथे रुजला त्याला व्यावहारिक कारणे होती. वाळलेल्या फुलातूनच बी मिळते, लागवडीपासून सुमारे दोन महिन्यांत तोडा सुरू होतो, हलकी जमीनही चालते आणि ओवलेले फूल पाण्याविना टिकते. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण मुलखात माळ्याला हे परवडणारे होते.

७/ यामुळे दसऱ्याचे तोरण परके ठरत नाही, की अभंगातील भावही उणा होत नाही. मळा हेच पंढरपूर मानणाऱ्या संताच्या वारसांनी परमुलखातले बी आपल्या मातीत पेरले आणि देवाला वाहिले. जुना ग्रंथ वा जुने चित्र समोर आले की त्यातील झाडे मात्र जरूर तपासावीत. राजांच्या नावांइतकीच तीही काळ सांगतात.