बारीक सुईची गोष्ट



लेकराच्या मांडीवर गाठ आली की आपण म्हणतो, खेळताना मार लागला असेल. तेल लावतो, शेकतो, सोयाबीनची सोंगणी उरकेपर्यंत थांबतो. डॉक्टर सुईने तपासू म्हणाले, तर घरात कुणीतरी म्हणतंच, "सुई लावली की गाठ पसरते." आज या सुईचीच गोष्ट ऐकू या.

पूर्वी गाठ कशाची आहे हे कळायला चिरा द्यावा लागे. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधल्या डॉ. हेस मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी सुईने गाठीतल्या पेशी ओढून तपासण्याची रीत छापून सांगितली. त्यांची सुई जाड होती. पुढे १९५० नंतर स्वीडनच्या डॉक्टरांनी बारीक सुई रुळवली. आपल्याकडे २८ फेब्रुवारी १९४१ ला मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं. तिथली प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी उभी केली. आधी रोगाची नीट ओळख, मग उपचार, ही वाट अशा प्रयोगशाळांनी घालून दिली.

सुईने काढलेल्या पेशी काचपट्टीवर पसरतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. टाके पडत नाहीत. लहान लेकराला कधी थोडी गुंगी द्यावी लागते. बारीक सुईने गाठ पसरल्याची उदाहरणं फारच विरळ आहेत.

पण लहान मुलांच्या गाठीत एक अडचण असते. स्नायूंचा कॅन्सर, हाडाजवळचा कॅन्सर, लसिकाग्रंथींचा कॅन्सर, या सगळ्यांच्या पेशी सारख्याच दिसू शकतात: लहान, गोल, निळ्या. उपचार मात्र प्रत्येकाचा वेगळा. म्हणून पुढे खास तपासण्या निघाल्या. पेशीत डेस्मिन नावाचं प्रथिन सापडलं, तर ती स्नायूची असल्याचा पुरावा मिळतो. त्यासाठी कधी पुन्हा सुई लावावी लागते, कधी जाड सुईने तुकडा घ्यावा लागतो. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा नमुना मागितला, तर आपल्याला फसवतात असं समजू नका. चुकीचं औषध सुरू होऊ नये म्हणूनच ते मागतात.

आणि एक लक्षात ठेवा. तपासल्याशिवाय गाठ कापून टाकू नका, पुढचा उपचार अवघड होतो. गाठ वाढत असेल, तर ती दुखत नसली तरी दाखवा. अंगणवाडीत, शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही सांगता येतं. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी दवाखान्यातच करा.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत ही गोष्ट एकीने तरी दुसरीला सांगा. येते मी. नमस्कार.