अड्डा, तळ आणि नो पार्किंग

रस्त्यात गाडी उभी ठेवायला मनाई करणारा कायदा भारतात मोटारीच्या जवळजवळ चार दशके आधी आला. १८६१च्या पोलीस कायद्यातले कलम ३४ रस्त्यावरच्या गुन्ह्यांची यादी देते. माल चढवायला-उतरवायला किंवा उतारू घ्यायला-सोडायला लागेल त्याहून जास्त वेळ जनावर किंवा वाहन उभे ठेवणे हा त्यातला एक गुन्हा होता. शिक्षा पन्नास रुपयांपर्यंत दंड किंवा आठ दिवसांपर्यंत कैद. त्या काळी पन्नास रुपये म्हणजे गाडीवानाची कित्येक महिन्यांची कमाई. शिवाय हे कलम आपोआप सगळीकडे लागू नव्हते. सरकार ज्या शहराला ते खास लावील तिथेच त्याचा अंमल. खेड्यातल्या रस्त्यावर बैलगाडी सोडून गाडीवान झाडाखाली झोपला, तर कायद्याला त्याचे काही देणेघेणे नव्हते.

दंडसंहितेतले कलम २८३ याच काळातले. सार्वजनिक वाटेत अडथळा करणाऱ्याला त्यात दोनशे रुपयांपर्यंत दंड होता. या दोन कलमांत आजच्या नियमांचे बी आहे, पण त्यांचा विचार वेगळा होता. अमुक जागी गाडी लावू नका, असे ती म्हणत नव्हती. काम झाले की गाडी हलवा, एवढेच म्हणत होती. निकष होता कामाचा. जागा, फलक, रंगवलेली रेघ या गोष्टी पुढे आल्या.

जागेचा प्रश्न आधी पुढे आला तो भाड्याच्या गाड्यांपायी. मुंबईत १८६३मध्ये सार्वजनिक वाहनांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि भाड्याच्या घोडागाड्यांना परवाना, दर आणि पोलिसांची देखरेख आली. त्याची जागा पुढे १९२०च्या कायद्याने घेतली. बग्गी, शिगराम, व्हिक्टोरिया, रेकले अशी सगळी भाडोत्री वाहने गिऱ्हाइकाच्या वाटेकडे डोळे लावून दिवसभर उभी असत. त्यांचे उभे राहणे हाच त्यांचा धंदा. तेव्हा त्यांना उभे राहायला मनाई करण्याऐवजी ठरलेल्या अड्ड्यावरच उभे राहायला लावणे एवढाच व्यवहार्य उपाय होता. लंडनला हा उपाय फार आधी सुचला होता. कॅप्टन बेली नावाच्या एका निवृत्त दर्यावर्दीने १६३४मध्ये स्ट्रँड रस्त्यावर भाड्याच्या चार गाड्यांचा अड्डा मांडला, तो तिथला पहिला समजतात. मराठी मुलखात टांगा अड्डे झाले, बैलगाड्यांना गाडीतळ मिळाले. पुण्यात हडपसरचा गाडीतळ आणि जुन्या बाजाराजवळचा गाडीतळ ही नावे बैलगाड्या गेल्यावरही बसथांब्यांच्या पाट्यांवर राहिली.

यात एक गोष्ट सहज नजरेआड होते. अड्ड्यांच्या नियमांचा सगळा जाच भाडोत्री गाडीवानाला होता. धनिकाची खासगी बग्गी कुठे उभी राहावी, हे कुणी ठरवून दिले नव्हते. तिचा कोचमन गाडी फिरवत तरी राही, नाहीतर मालकाच्या आवारात नेई. हीच मुभा पुढे खासगी मोटारीला वारसाहक्काने मिळाली. रस्त्याची कड मोटारमालकाला फुकट द्यावी असा ठराव कुठल्या नगरपालिकेने कधी केला नाही. ती न बोलता दिली गेली. नंतरची शंभर वर्षे सरकारी यंत्रणा तीच कड तुकड्यातुकड्याने परत मागत आली आहे.

मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून पायधुणीला जाई, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीलाच. इथे उभ्या गाडीचे खरे उपद्रवमूल्य कळले. रुळावरची ट्राम बाजूने वळसा घालू शकत नाही. काळबादेवीच्या अरुंद रस्त्यात कापसाच्या गासड्या उतरवणारा एखादा खटारा रुळाला लागून उभा राहिला, की मागचे सगळे ठप्प. ७ मे १९०७ला विजेची ट्राम आली. वेग वाढला, तशी अडथळ्याची किंमतही वाढली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. बसबरोबर थांबा आला, आणि थांबा म्हणजे रस्त्याच्या कडेचा असा तुकडा की जिथे एका वाहनाने थांबावे म्हणून बाकीच्यांनी थांबू नये.

मुंबईच्या रस्त्यावर मोटार दिसली ती १८९८च्या सुमाराला. मोटारींसाठी अखिल भारतीय कायदा १९१४मध्ये झाला, पण तो मुख्यतः नोंदणी आणि चालकाचा परवाना यांपुरता. पार्किंगच्या दृष्टीने महत्त्वाचा कायदा १९३९चा. मोटारी कुठे आणि किती वेळ उभ्या राहाव्यात हे ठरवण्याचा अधिकार त्याच्या कलम ७६ने सरकारला आणि सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला दिला. त्यासाठी स्थानिक संस्थेचा सल्ला घ्यायचा होता. कलम ७५ने रहदारीच्या खुणांना कायद्याचे बळ दिले. धोकादायक रीतीने गाडी सोडून जाणे हा वेगळा गुन्हा ठरला. खांबावरची पाटी वाचायची आणि पाळायची ही सवय इथून लागली. प्रांतांनी आपापले नियम १९४०मध्ये केले. मुंबई प्रांताचे वेगळे, मध्य प्रांत-वऱ्हाडाचे वेगळे.

या मध्य प्रांताची राजधानी नागपूर आणि पूर्वेकडचा एक जिल्हा दुर्ग. १९०६मध्ये तयार झालेल्या या जिल्ह्यातून नागपूर-रायपूर-संबलपूर असा ग्रेट ईस्टर्न रोड जातो. तिथले लोक त्याला आजही जी.ई. रोड म्हणतात. भिलाई हे तेव्हा त्या वाटेवरचे एक खेडे. १९५५मध्ये तिथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि भातशेतीच्या त्या सपाट मुलखात आखीव शहर उभे राहिले. सेक्टर पाडलेले, रस्ते रुंद, दुतर्फा झाडे, प्रत्येक सेक्टराला आपला बाजार. नोकरीसाठी देशभरातून माणसे आली. नागपूर-विदर्भाकडची मराठी कुटुंबेही आली. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी वस्ती होतीच, तिच्यात ही भर पडली.

अशा शहरात उभ्या गाड्यांची अडचण व्हायला नको होती. नियोजकांपुढे माणूस होता सायकलवरचा. पाळी बदलताना कारखान्याच्या दारांतून सायकलींचे लोंढे निघत, आणि सायकलीला जागा लागते ती भिंतीला टेकण्यापुरती. कामगारांच्या घरांना मोटारखाना कशाला हवा, हा प्रश्नही त्या काळी कुणाला पडला नसता. पुढे २५ एप्रिल १९७० रोजी केंद्र सरकारचे हाउसिंग अँड अर्बन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे हुडको, स्थापन झाले. त्याच्या कर्जावर देशभर ज्या वसाहती झाल्या, त्यांतल्या कित्येकांना लोकांनी कर्ज देणाऱ्याचेच नाव दिले. मराठवाड्यातल्या वाचकाला औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, हुडको ठाऊक असते. तशीच भिलाईत आमदी नगरची हुडको. मध्यम आणि अल्प उत्पन्न गटासाठी बेतलेल्या अशा वसाहतींत घर आटोपशीर आणि अंगण जेमतेम. घरटी एक स्कूटर इथवर ते गणित चालले. स्कूटरच्या जोडीला मोटार आली, तेव्हा ती रस्त्यावर उभी करण्यावाचून इलाज नव्हता.

भिलाईची खरी गर्दी मात्र सेक्टरांत झाली नाही. आखलेल्या नगराच्या कडेने, जी.ई. रोडला लागून, सुपेला आणि पॉवर हाउसचे बाजार वाढले. इथे एकाच रस्त्याला दोन कामे आली. एक म्हणजे हजिरा ते कोलकाता या राष्ट्रीय महामार्ग ६ची वाहतूक. त्याचा इथला भाग नव्या क्रमवारीत ५३ झाला. दुसरे म्हणजे बाजारहाट. ट्रकला थांबायचे नसते आणि गिऱ्हाइकाला थांबल्यावाचून चालत नाही. महामार्गावरचा बाजार हे नियमांना कायमचे आव्हान असते. दंडाने ते सुटत नाही, कारण दुकानाच्या दारापुढची जागा ही दुकानाच्या भाड्यातच धरलेली असते. भिलाईसारख्या नगरात आणखी एक पेच असतो, तो रस्त्याच्या मालकीचा. वसाहतीतले रस्ते कारखान्याचे, महामार्ग केंद्राचे, बाकीचे महापालिकेचे. मोटार वाहन कायद्याने ही अडचण व्याख्येतच सोडवली आहे. लोकांना जिथे जाण्यायेण्याचा हक्क आहे ती प्रत्येक वाट सार्वजनिक जागा, मग मालक कुणीही असो. तेव्हा कारखान्याच्या रस्त्यावर पोलिसांचा कायदा चालत नाही, हा समज खरा नाही.

दरम्यान जगात कामाऐवजी घड्याळाचा निकष आला होता. १६ जुलै १९३५ रोजी अमेरिकेत ओक्लाहोमा सिटी इथे पहिले पार्किंग मीटर बसले. ते सुचवणारा कार्ल मॅगी वर्तमानपत्राचा संपादक होता. दुकानदारांची तक्रार अशी की कचेऱ्यांतले नोकर सकाळी गाड्या लावतात आणि दिवसभर गिऱ्हाइकाला जागा उरत नाही. म्हणजे पैसे मिळवण्यापेक्षा जागा रिकामी होत राहणे हा हेतू होता. लंडनला मीटर १९५८मध्ये आले. जपानने आणखी पुढे जाऊन १९६२मध्ये गाडी ठेवायला स्वतःची जागा दाखवण्याची सक्ती मोटारमालकांवर केली. आपल्याकडे मीटरची जागा घेतली ती कंत्राटदाराच्या माणसाने आणि त्याच्या हातातल्या पावतीपुस्तकाने. हिशेबाच्या दृष्टीने ही अदलाबदल फायद्याची झाली असे म्हणवत नाही.

१ जुलै १९८९ला नवा मोटार वाहन कायदा अमलात आला. जुने कलम ७६ त्यात ११७ झाले, आणि मनाईच्या जागी किंवा दहा तासांहून जास्त काळ बेवारस सोडलेली गाडी उचलून नेण्याचा अधिकार कलम १२७ने पोलिसांना दिला. ‘गाडी उचलली’ हे वाक्य मराठी शहरांत रोजचे झाले ते याच अधिकारामुळे. त्याच वर्षी रस्त्याचे विनियम आले आणि फलक नसला तरी गाडी कुठे लावायची नाही याची यादी देशभर एक झाली. चौक, वळण, चढाचा माथा, पुलाचा उंचवटा, पदपथ, सिग्नल किंवा झेब्रा पट्ट्यांजवळ, बसथांबा, शाळा-रुग्णालयाचे दार, अग्निशामक नळ, दुसऱ्या उभ्या गाडीच्या बाजूला. ‘पाटी कुठे आहे दाखवा’ असे हुज्जत घालणाऱ्याला ही यादी बहुधा माहीत नसते. २०१७मध्ये या विनियमांची जागा नव्या वाहनचालन विनियमांनी घेतली. पाट्यांमध्येही भेद आहे. निळ्या तबकडीवर एक तिरकी लाल रेघ असेल तर गाडी लावायला मनाई, पण माणूस उतरवायला क्षणभर थांबता येते. दोन रेघांची फुली असेल तर थांबायचेसुद्धा नाही. रिक्षावाले आणि शाळेच्या दारातले पालक हा भेद क्वचितच मानतात.

पुण्याने या सगळ्यात आपली एक पद्धत रुजवली. पेठांतल्या गल्ल्या दोन्ही बाजूंनी गाड्या लावण्याइतक्या रुंद नाहीत, आणि एकाच बाजूला मुभा दिली तर समोरचा दुकानदार भांडायला उभा. म्हणून पी-१ आणि पी-२. विषम तारखेला एक बाजू, सम तारखेला दुसरी. युरोपात ही रीत जुनी आहे. तिथल्या फलकावरचा रोमन एक हा आकडा विषम तारखेची मनाई सांगतो, पुण्यातला पी-१ विषम तारखेची परवानगी. पद्धतीत एक गमतीची फटही आहे. ३१ तारखेनंतर १ तारीख येते आणि दोन्ही विषम, तेव्हा वर्षातून सात वेळा, लीप वर्षात २९ फेब्रुवारीमुळे आठ वेळा, एकच बाजू सलग दोन दिवस मोकळी राहते. तरी अरुंद गल्लीत न्याय वाटण्याचा याहून स्वस्त उपाय अजून कुणाला सापडलेला नाही.

पैसे घेण्याचा प्रयोग मात्र पुण्यात फसला. रस्त्याकडेची जमीन मोलाची आहे आणि पार्किंगच्या शुल्कात ते मोल दिसले पाहिजे, असे २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात आले होते. त्या धर्तीचे धोरण पुणे महापालिकेने मार्च २०१८मध्ये मंजूर केले, तेही विरोधामुळे पाच रस्त्यांपुरते आखडून. पुढे ते कागदावरच राहिले. मुंबईने दंडाची वाट धरली. बिल्डरांना जादा चटईक्षेत्र देऊन त्या बदल्यात सार्वजनिक वाहनतळ मिळवले होते, पण ते ओस आणि बाहेरचे रस्ते भरलेले. म्हणून ७ जुलै २०१९पासून निवडक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात बेकायदा गाडी लावणाऱ्याला दहा हजारांपर्यंत, अवजड वाहनांना त्याहून जास्त दंड सुरू झाला. ओरड झाली, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. दाट वस्तीच्या चाळींतल्या माणसाला अर्धा किलोमीटर दूरचे वाहनतळ परवडणारे असेलच असे नाही.

देशभरच्या दंडाची गोष्ट याच्या उलट आहे. १९८८च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला शंभर रुपये होते आणि तीस वर्षे ते शंभरच राहिले. इतक्या काळात वाहनतळाचे शुल्क दंडाच्या जवळ आले, तेव्हा नियम मोडणे हाच हिशेबी शहाणपणा ठरला. १ सप्टेंबर २०१९च्या दुरुस्तीने ते पाचशे झाले. महाराष्ट्राने वाढीव दर लागू केले ते डिसेंबर २०२१मध्ये. आरंभीची दोन जुनी कलमेही मागे पडली. भिलाईच्या छत्तीसगडात १८६१च्या पोलीस कायद्याची जागा राज्याच्या २००७च्या कायद्याने घेतली. दंडसंहितेतला दोनशे रुपयांचा दंड १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत पाच हजारांपर्यंत गेला.

२०१९च्या त्याच दुरुस्तीने कलम ११७मध्येही भर घातली. गाड्या उभ्या करण्याच्या जागा ठरवताना रस्ता वापरणाऱ्यांची सुरक्षितता आणि वाहतुकीचा मोकळा प्रवाह यांना अग्रक्रम द्यावा, आणि राष्ट्रीय महामार्गावर या जागा महामार्ग प्राधिकरणालाही ठरवता याव्यात. म्हणून सुपेल्याच्या बाजारापुढे गाडी कुठे लावावी हे सांगण्याचा अधिकार आज राज्य सरकारच्या जोडीने केंद्राच्या यंत्रणेलाही आहे, आणि हुडकोच्या आतल्या गल्लीत तो राज्य सरकार आणि त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे आहे.