परतीच्या वाटेचा परवाना

परदेशी निवासवृत्ती म्हटली, की आपल्या मनात सामान्यतः एक सुखद चित्र उभे राहते. दूरच्या देशातील एखादी संस्था कलावंतास वा विचारवंतास काही महिन्यांसाठी बोलावते. राहावयास खोली, कामास जागा आणि खर्चास थोडी रक्कम देते. पाहुणा आपले काम करतो, नवी माणसे जोडतो आणि घरी परततो. या वर्णनातील शेवटचे दोन शब्द आपण गृहीतच धरतो. परंतु दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीय कलावंतांचा विसाव्या शतकातील इतिहास चाळला, म्हणजे सर्वांत मोठे मोल त्या दोन शब्दांनाच पडले होते, असे आढळून येते.

आरंभीचे प्रवासी कोणाच्या आमंत्रणावाचून गेले. अर्नेस्ट मान्कोबा हे शिल्पकार १९३८ साली पॅरिसला गेले. पुढे जर्मनांनी फ्रान्स व्यापल्यावर त्यांस स्थानबद्ध व्हावे लागले आणि छावणीतच, १९४२ साली, सोन्या फेर्लोव या डॅनिश शिल्पकर्तीशी त्यांचा विवाह झाला. जेरार्ड सेकोटो या चित्रकाराचे एक चित्र जोहान्सबर्गच्या कलासंग्रहालयाने १९४० साली विकत घेतले होते. कृष्णवर्णीय कलावंताचे तेथे आलेले ते पहिलेच चित्र. तेही १९४७ साली पॅरिसला गेले आणि मद्यगृहात पियानो वाजवून पोट भरू लागले. पुढल्याच वर्षी मायदेशी वर्णभेदाचा कैवार घेणारा नॅशनल पक्ष सत्तेवर आला. सेकोटो १९९३ साली फ्रान्समध्येच वारले. मान्कोबांना मात्र १९९४ साली, आपल्या कलाकृतींच्या प्रदर्शनानिमित्त, छप्पन वर्षांनी जोहान्सबर्ग पुन्हा पाहावयास मिळाले.

पुढील पिढीला आमंत्रणे येऊ लागली. परंतु तोवर मायदेशच्या कायद्याने वाट अरुंद केली होती. १९५५ सालच्या एका कायद्यान्वये पारपत्रावाचून वा परवान्यावाचून देश सोडणे हा गुन्हा ठरला. पारपत्र देणे न देणे सरकारच्या मर्जीवर होते. ज्यांस ते नाकारावयाचे, पण ज्यांच्या जाण्याबद्दल सरकारास खेद नव्हता, अशांसाठी एक निराळा कागद होता. त्याचे नाव ‘एक्झिट परमिट’. त्यावर बाहेर जाता येई. परत येता येत नसे. आल्यास तुरुंग. आम्हां कचेरीतील माणसांचा सारा जन्म अर्ज, नोंदी आणि शेरे यांत जातो. त्यामुळे अशा कागदातील थंडपणा आम्हांस अधिकच जाणवतो. त्यात शिक्षा कोठेही सुनावलेली नसते. अर्जदाराने स्वतःच अर्ज केलेला असतो, आणि सरकार केवळ त्याची विनंती मान्य करते!

नॅट नकासा या तरुण पत्रकाराने असाच अर्ज केला. ‘ड्रम’ मासिकातून त्याचे लेखन गाजले होते. १९६३ साली त्याने ‘द क्लासिक’ नावाचे वाङ्मयीन नियतकालिकही काढले होते. त्यानंतर अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाची पत्रकारांसाठी असलेली नीमन वृत्ती त्यास मिळाली. वृत्ती एका वर्षाची होती. परंतु पारपत्र नाकारले गेल्यामुळे १९६४ साली तो एक्झिट परमिटवर निघाला, आणि एका वर्षाच्या अभ्यासासाठी त्यास जन्मभराचे घर मोजून द्यावे लागले. वृत्ती संपली, पण ती संपल्यावर जावयाचे कोठे? १४ जुलै १९६५ रोजी न्यूयॉर्क येथे एका उंच इमारतीवरून पडून त्याचा अंत झाला. वय अवघे अठ्ठावीस. त्याच्या अस्थी डरबनच्या मातीत आल्या, त्या २०१४ साली.

येथे यजमान विद्यापीठास दोष देता येणार नाही. त्याने जे द्यावयाचे ते दिले. परंतु कोणत्याही निवासवृत्तीचा अर्धा भाग यजमान देतो आणि उरलेला अर्धा मायदेश, हे या कथेवरून स्पष्ट होते. हा दुसरा अर्धा नसेल, तर तीच वृत्ती हद्दपारी होऊन बसते.

थामी म्न्येले याने दूर जाणेच टाळले. जोहान्सबर्गजवळील अलेक्झांड्रा या वस्तीत १९४८ साली जन्मलेला हा चित्रकार १९७९ मध्ये सीमेपलीकडील बोट्स्वानात गेला. गाबोरोनी येथील ‘मेडू’ या कलावंतसंघात त्याने भित्तिपत्रके काढली. संघातील लोक स्वतःस कलावंत न म्हणवता ‘सांस्कृतिक कामगार’ म्हणवीत. १९८२ साली त्यांनी तेथे संस्कृती आणि प्रतिकार या विषयावर मोठा मेळावा भरविला. १४ जून १९८५ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने गाबोरोनीवर छापा घातला. मारल्या गेलेल्यांत म्न्येले होता. २००४ साली त्याचे अवशेष स्वदेशी आणण्यात आले.

डिसेंबर १९८७ मध्ये ‘दुसऱ्या दक्षिण आफ्रिकेतील संस्कृती’ या विषयावर ॲम्स्टरडॅम येथे परिषद भरली. पुढे थोड्याच वर्षांत त्याच शहरी म्न्येलेच्या नावाने एक प्रतिष्ठान उभे राहिले. आफ्रिकेतील कलावंतांस तीन महिने राहावयास व काम करावयास जागा द्यावयाची, असा त्याचा क्रम. ज्यास स्वतः परतता आले नाही, त्याच्या नावाच्या चित्रशाळेतून आलेला प्रत्येक पाहुणा तीन महिन्यांनी घरी परततो, यापरते उचित स्मारक आम्हांस सुचत नाही. त्याच सुमारास, १९९१ साली, जोहान्सबर्गमध्ये पोती शिवण्याच्या एका जुन्या कारखान्यात ‘बॅग फॅक्टरी’ ही चित्रशाळा निघाली. तिच्या संस्थापकांपैकी डेव्हिड कोलोआने हेही अलेक्झांड्राचेच. आता परदेशचे कलावंत तेथे पाहुणे म्हणून जाऊ लागले. वाट दुहेरी झाली.

आपल्या देशाचा या इतिहासाशी अगदीच संबंध नाही असे नाही. भारताने १९४६ सालीच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, आणि पुढे कित्येक वर्षे भारतीय पारपत्रांवर तो देश वगळल्याची नोंद असे. ती नोंद निषेधाची होती आणि तिचा अभिमान बाळगण्यास प्रत्यवाय नाही.

परमुलखात नोकरी करणाऱ्या आपणां मराठी मंडळींस घराची ओढ ठाऊक आहे; परंतु तिची तुलना नकासाच्या दुःखाशी करणे अनुचित होईल. आपल्या सेवापुस्तिकेत मूळ गावाची रीतसर नोंद असते, आणि तेथे जाऊन येण्यास सरकार भाडेही देते. ती नोंद म्हणजे एक क्षुल्लक रकाना, असेच आपण समजत आलो. एक्झिट परमिटचा इतिहास वाचल्यावर मात्र, राज्यसंस्था आपल्या माणसाशी कसे वागते हे पाहावयाचे असेल, तर तिने हा रकाना भरू दिला की कोरा ठेवावयास लावला एवढे पाहिले तरी पुष्कळ आहे, असे आम्हांस वाटते.