गंगापूरचा एकांत : मनोव्यथेच्या जुन्या उपचारांविषयीं कांहीं विचार

नाशिक शहरांतून पश्चिमेस जाणारा गंगापूर रोड आज महाविद्यालयें, रुग्णालयें व नव्या वसाहती यांनीं गजबजलेला आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास या रस्त्यावरील दोन गांवें विशेष विचार करावयास लावितात. पहिलें आनंदवल्ली, दुसरें गंगापूर. आणि दोहोंच्या दरम्यान गोदावरीच्या कांठीं सोमेश्वराचें स्थान. पेशव्यांच्या घराण्यांतील दोन दुःखी माणसें, रघुनाथरावदादा व गोपिकाबाई, या तीरावर येऊन राहिलीं. दोघांनींही पुणें सोडून नदीकांठचा एकांत पत्करला. पण एकाच औषधाचा दोघांस सारखा गुण आला नाहीं. तें कां, याचा विचार येथें करावयाचा आहे.

गोपिकाबाई वाईच्या रास्ते घराण्यांतील. त्यांच्यावरील आघात तारखांनिशीं मांडले म्हणजे त्यांचें ओझें ध्यानांत येतें. पौष शुद्ध ८ शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजीं, पानिपतावर वडील पुत्र विश्वासराव पडले. त्या धक्क्यानें खचलेले पति नानासाहेब २३ जून १७६१ रोजीं पर्वतीवर वारले. माधवरावांच्या कारकीर्दींत मातापुत्रांत वितुष्ट येऊन बाई गंगापुरास राहावयास गेल्या. पुढें १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं माधवराव थेऊर येथें क्षयानें वारले, आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणरावांचा शनिवारवाड्यांत खून झाला. तीनही पुत्र गेल्यावर ही माता आणखी पंधरा वर्षें जगली, इ. स. १७८८ त नाशिकास तिचा अंत झाला. या काळांत बाई व्रतस्थ राहून भिक्षा मागत, अशी आख्यायिका सांगतात. अस्सल कागदाचा आधार मिळेपर्यंत ती आख्यायिका म्हणूनच ठेवावी, हें बरें.

अशा दुःखास आपल्या वैद्यकांत कोणता उपचार सांगितला आहे? चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे तीन प्रकार येतात. मंत्र, व्रत, दान, तीर्थयात्रा इत्यादि ती दैवव्यपाश्रय. आहार व औषधांची योजना ती युक्तिव्यपाश्रय. आणि अहितकर विषयांपासून मन आवरणें तो सत्त्वावजय. चिकित्सास्थानांतील उन्मादाच्या अध्यायांत याहून सूक्ष्म भेद केलेला आहे. प्रिय वस्तूच्या नाशानें ज्याचें मन बिघडलें, त्यास तत्सदृश वस्तूची प्राप्ति, सांत्वन व आश्वासन यांनीं शांत करावें; काम, शोक, भय, क्रोध, ईर्ष्या, लोभ यांपासून उपजलेल्या विकारास परस्परविरुद्ध भावांनीं शमवावें, असा त्याचा आशय. म्हणजे उपचार ठरविण्यापूर्वीं व्यथेचें मूळ पाहावें, हा दंडक झाला.

हा दंडक लावून पाहतां आनंदवल्लीचें कोडें उलगडतें. दादासाहेबांची व्यथा गमावलेल्या प्रियाची नव्हती, न मिळालेल्या सत्तेची होती. तिला सत्त्वावजय पाहिजे होता. परंतु नदीचें स्नान व एकांत लाभूनही मन त्याच विषयाचें चिंतन करीत राहिलें. एकांतानें तें उलट पोसलेंच. अखेर फौज जमवून ते निघाले, आणि इ. स. १७६८ त धोडप येथें पुतण्याकडून पराभूत होऊन पुण्यास कैदेंत पडले. गांवाच्या नांवांत आनंद असल्यानें मनांत येतो असें नाहीं.

गंगापुरची गोष्ट निराळी. तेथें स्नानसंध्येचा व व्रतांचा नियम तर होताच, पण त्याबरोबर माणसांशीं धागा राखलेला होता. नातू सवाई माधवराव यांस बाईंनीं वागणुकीविषयीं केलेला उपदेश इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. चरकानें सांगितलेली तत्सदृश प्राप्ति ती हीच काय? पुत्रांच्या जागीं नातू, आणि त्याच्यासाठीं कांहीं करावयाचें आहे ही जाणीव! बाईंचें दुःख नाहीसें झालें असें आम्ही म्हणत नाहीं. तें वाहून नेण्यास कांहीं आधार मिळाला, इतकेंच म्हणतों.

मात्र उपदेशाची मर्यादाही याच घराण्यांत दिसून येते. आजीच्या पश्चात् सात वर्षांनीं, २५ ऑक्टोबर १७९५ रोजीं, तो नातू शनिवारवाड्यांतून खालीं पडला व दोन दिवसांनीं वारला. ज्वरांतील चित्तभ्रम कीं जाणून केलेला देहत्याग, हा वाद अद्यापि मिटलेला नाहीं. आम्ही त्यांत पडत नाहीं. दोन शतकांपूर्वींच्या रोग्याची नाडी कागदावरून पाहतां येत नाहीं. परंतु ज्याचें मन असें ढळलें आहे, त्यास केवळ चांगली दिनचर्या सांगून भागत नाहीं, इतका बोध घेण्यास हरकत नसावी.

आतां संग्राहकांसाठीं दोन शब्द. वैद्यकाच्या बाडांत उन्मादावर कल्याणक घृत, अपस्मारावर ब्राह्मी घृत असे पाठ येतात. ते वाचतांना नांवांवर भिस्त ठेवूं नये. ब्राह्मी या एका नांवाखालीं जलब्राह्मी व मंडूकपर्णी या दोन भिन्न वनस्पति चालतात, आणि महाराष्ट्रांत दुसरीसच बहुधा ब्राह्मी म्हणतात. दुसरें, वनस्पति म्हणून ती निरुपद्रवी, हाही भ्रम होय. सर्पगंधेचा उन्मादावरील उपयोग इ. स. १९३१ त गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं प्रसिद्ध केला, इ. स. १९४९ त मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबावरील तिचा गुण जगापुढें मांडला, इ. स. १९५२ त तिच्यांतून रेसर्पिन हें द्रव्य निराळें काढण्यांत आलें. पुढें त्याच द्रव्यानें कांहीं रोग्यांत खिन्नता उपजल्याचे अहवाल आले, व त्यांवर मतभेदही झाला. जें मन शांत करितें तेंच तें मालवूंही शकेल, ही शंका एवढ्यावरून घ्यावी. व्यायाम, योगाभ्यास, नियमित निद्रा, सत्संग यांचें साहाय्य आजचे वैद्यही मानितात. परंतु खिन्नता दृढ झाली असतां जाणत्या चिकित्सकास टाळून बाडांतील पाठ घरीं करून पाहणें धोक्याचें आहे.

तथापि तीं पानें टाकाऊ नव्हेत. पोथीच्या अखेरीस वा जमाखर्चाच्या पाठीवर उतरलेली औषधाची यादी संग्राहक पुष्कळदां बाजूस सारतात. ती कोणासाठीं, कोणत्या सालीं, कोणत्या प्रसंगानंतर उतरली, हें शेजारच्या नोंदींवरून कळण्याजोगें असतें. लढायांचीं पत्रें आपण जपलीं; लढाईनंतर घरांत उरलेल्या माणसांनीं दिवस कसे काढिले, हें सांगणारीं पानेंही त्याच दप्तरांत आहेत. तीं वेगळीं न करतां मूळ बाडासह जपावीं व त्यांची नोंद करावी, अशी आमची संग्राहकांस विनंती आहे.