सूर्याच्या घरची गाणी : कानबाईची कुळकथा

श्रावणात नागपंचमी झाली की खानदेशातल्या घरांचं लक्ष पुढच्या रविवारकडे लागतं. त्या दिवशी कानबाई बसते. सुरत, नाशिक, पुणे, मुंबई इथं पोटासाठी गेलेली माणसं दिवाळीला येतील न येतील, पण कानबाईला नंदुरबार, शहादा, तळोदा भागातल्या आपल्या गावी येतातच. घरं सारवून-रंगवून झालेली असतात. घरातल्या पुरुषांच्या संख्येच्या हिशेबानं मुठीनं मोजून घेतलेले गहू आणि हरभऱ्याची डाळ दळून रोटांची तयारी होते. हे रोट भाऊबंदांनीच खायचे असतात. चौरंगावर कलश, कलशावर नारळ, नारळाला डोळे, नथ, कुंकू, अंगावर वस्त्र, अशी देवी सजते. रात्र गाण्यांत सरते. सोमवारी बाया चौरंग डोक्यावर घेऊन, फुगड्या घालत, डफाच्या ठेक्यावर नदीकडे निघतात.

या सणाला रविवारच का लागतो? शंकराचा सोमवार, देवीचा मंगळवार-शुक्रवार हे महाराष्ट्रात ठरलेले आहेत. रविवार सूर्याचा. कानबाईच्या बरोबरीनं इथले लोक रानबाईचं नाव घेतात, ‘कानबाई-रानबाई’ अशी जोडीच म्हणतात. या रानबाईचा, म्हणजे रनुबाईचा माग काढत गेलं की आपण सूर्याच्या उंबरठ्यावर पोचतो. कानबाईच्या रात्री गायली जाणारी लग्नाची, साजशृंगाराची, नदीवरच्या स्नानाची गाणी आकाशातल्या सूर्याच्या घरची गाणी आहेत, असं माझं मत आहे. त्याचे पुरावे एकेक करून पाहू.

पहिला पुरावा मराठी घरांतलाच आहे. श्रावणातल्या कहाण्यांमध्ये आदित्यराणूबाईची कहाणी आहे. गरीब ब्राह्मण रानात जातो, तिथं नागकन्या आणि देवकन्या वसा वसताना त्याला भेटतात, आणि त्या त्याला तो वसा सांगतात. श्रावणातल्या पहिल्या आदितवारी मौनानं उठायचं, विड्याच्या पानावर रक्तचंदनानं आदित्यराणूबाई काढायची, सहा सुतांच्या तातूला सहा गाठी द्यायच्या आणि माघातल्या रथसप्तमीला वसा पुरा करायचा. महिना श्रावण, वार रविवार, देव आदित्य आणि त्याच्या जोडीला राणूबाई. खानदेशात हाच महिना आणि हाच वार कानबाईला मिळाला आहे. देशावर तो मूक व्रताच्या रूपात राहिला, आणि तापीकाठी त्याचा गाता-नाचता उत्सव झाला.

दुसरा पुरावा पश्चिमेकडे, गुजरातेत आहे. सौराष्ट्रात सूर्याची बायको रन्नादे किंवा रांदल या नावानं पूजली जाते. गोंडलजवळच्या दडवा इथलं तिचं ठाणं प्रसिद्ध आहे. लग्नात किंवा सीमंताच्या वेळी घरात ‘रांदलचे लोटे’ मांडतात. तांब्याच्या लोट्यावर नारळ ठेवतात, नारळाला डोळे लावतात, वस्त्रं-दागिने घालून त्याची देवी करतात आणि रात्री बाया तिच्यासमोर गातात. पुराणात सूर्याचं तेज सोसेना म्हणून संज्ञा आपली छाया घरी ठेवून निघून गेली, घोडी होऊन रानात राहिली, आणि सूर्य घोडा होऊन तिला भेटला. त्यांचे पुत्र ते अश्विनीकुमार. ही कथा रांदलपुढच्या विधीत अजून जिवंत आहे. तिथं ‘घोडो खूंदवो’ म्हणून घोड्यासारखं उड्या घेत नाचतात, आणि दोन लोटे मांडले तर एक रांदलचा आणि दुसरा तिच्या छायेचा मानतात. आता नंदुरबारकडच्या चौरंगावरचा नारळ आठवा. कलश, त्यावर नारळ, नारळाला डोळे, अंगावर साज आणि समोर रात्रभर गाणाऱ्या बाया. नावं देशोदेशी बदलतात, पण देवी कशी मांडायची ही रीत सासूकडून सुनेकडे हातोहात जाते. म्हणून मला नावापेक्षा हा नारळ अधिक भरवशाचा साक्षीदार वाटतो.

तिसरा पुरावा पूर्वेचा आहे. शहाद्याहून वर निघालं की खेतिया लागतं आणि मध्य प्रदेशाचा बडवानी जिल्हा सुरू होतो. पुढं निमाड पसरलेला आहे. तिथं चैत्रात गणगौर मांडतात. टोपल्यांत गव्हाचे जवारे उगवतात आणि रनुबाई व धणियर राजा यांची गाणी म्हणतात. हा धणियर म्हणजे सूर्य. खंडव्याचे रामनारायण उपाध्याय यांनी निमाडी लोकगीतांच्या संग्रहाला आयुष्य दिलं, आणि त्यांच्यामुळे ही गाणी निमाडाबाहेर पोचली. त्यांतलं एक गाणं भारतातल्या कुठल्याही लोकगीताच्या शेजारी ताठ मानेनं उभं राहील असं आहे. त्यातली बायको नवऱ्याकडे दागिने मागते. शुक्र उगवलाय, त्याची मला टिकली घडव. ढगाचं लुगडं कर, विजेची त्याला किनार लाव. नऊ लाख ताऱ्यांची चोळी शिव, चंद्र-सूर्य तिच्यावर बसव, आणि वासुकी नागाची वेणी दे. ही मागणी अतिशयोक्तीची वाटते, पण ती कोण करते आहे हे ध्यानात घेतलं की तिच्यातला सहजपणा कळतो. सूर्याच्या घरच्या सुनेला टिकली हवी असेल, तर तिनं शुक्राशिवाय दुसरं काय मागावं? आपल्याकडच्या सासुरवाशिणी नवऱ्याकडे डोरलं मागतात, त्याच हक्कानं ती तारे मागते. ज्या बायांनी हे गाणं रचलं त्यांना आकाश परकं नव्हतं. ते त्यांच्या देवीचं सासर होतं.

या तिन्ही देवींच्या मागं जाऊ लागलं की संस्कृत ग्रंथांत एक नाव भेटतं: राज्ञी. सांबपुराण आणि भविष्यपुराण सूर्याच्या दोन बायका सांगतात, राज्ञी आणि निक्षुभा. रन्ना, रनु, राणू ही राज्ञीचीच बोलीतली रूपं आहेत, असं अभ्यासक मानतात. सांबपुराणाची मूळ कथा अशी. कृष्णाचा मुलगा सांब कुष्ठानं पीडला, त्यानं चंद्रभागेच्या काठी सूर्याची आराधना केली, बरा झाला आणि मंदिर उभारलं. पूजेसाठी त्यानं शाकद्वीपातून मग ब्राह्मण आणले. परंपरा हे ठिकाण म्हणजे मुलतान मानते. सातव्या शतकात ह्युएन त्सांगनं तिथलं सूर्यमंदिर पाहिल्याची नोंद आहे. सहाव्या शतकातला उज्जैनकडचा वराहमिहिर बृहत्संहितेत सांगतो, की सूर्यमूर्तीला उत्तरेकडचा पोशाख घालावा आणि तिची स्थापना मगांनी करावी. म्हणून पश्चिम भारतातल्या जुन्या सूर्यमूर्तींच्या पायांत उंच बूट दिसतात.

या कथेतून कानबाईविषयीचा एक जुना प्रश्नही सुटायला मदत होते. काही जण तिचा संबंध कान्ह्याशी, म्हणजे कृष्णाशी आणि अहिरांशी लावतात. अहिराणी ही आभीरांची बोली, नाशिकच्या लेण्यातला तिसऱ्या शतकातला आभीर राजा ईश्वरसेन याचा लेख प्रसिद्ध आहे, आणि गोपालक आभीरांचा देव कृष्ण. काही जण तिला सूर्यपत्नी मानतात. या दोन मतांत भांडण असायचं कारण नाही. सूर्यपूजेच्या स्थापनेची जी कथा पुराणानं सांगितली, तिचा नायकच कृष्णाचा मुलगा आहे. कान्ह्याचं घर आणि सूर्याचं घर त्या कथेतच सोयरे झाले. खानदेशातल्या बायांनी कानबाई आणि रानबाई यांना एका चौरंगाभोवती आणलं, ते त्या सोयरिकीला धरूनच आहे.

उत्तरेकडचा हा सूर्य तापीच्या खोऱ्यात आला कसा? त्याच्या वाटा माहीत आहेत. आजच्या दक्षिण गुजरातला जुन्या काळी लाट म्हणत. नंदुरबार त्याच्या पूर्वेच्या सीमेला लागून आहे. लाटेतून रेशमाचे विणकर माळव्यातल्या दशपुरास, म्हणजे आजच्या मंदसोरला गेले आणि त्यांच्या श्रेणीनं इ.स. 436-37 च्या सुमारास तिथं सूर्याचं मंदिर बांधलं. इ.स. 473 मध्ये त्याचा जीर्णोद्धार झाला, आणि त्याची हकिगत वत्सभट्टी नावाच्या कवीनं शिलालेखात लिहून ठेवली. राजाच्या मदतीची वाट न पाहता कारागिरांनी सूर्याचं देऊळ उभं केलं, यावरून लाटेच्या घराघरांत त्या काळी सूर्याची भक्ती किती मुरली होती हे कळतं. पुढं 1026-27 च्या सुमारास सोळंकी राजा पहिला भीम याच्या काळात मोढेऱ्याचं सूर्यमंदिर झालं. सुरत ते बऱ्हाणपूर हा मोठा व्यापारी रस्ता नंदुरबारवरून जात असे. शहादा-तळोद्याकडचे गुजर आपलं मूळ उत्तरेत सांगतात आणि घरात गुजरी बोलतात. ग्रिअर्सनच्या भाषिक पाहणीच्या 1907 च्या खंडात खानदेशी बोली, म्हणजे अहिराणी, भिलीच्या सोबत मांडलेली आहे, कारण तिचं नातं मराठीइतकंच गुजरातीशीही आहे. व्यापारी, विणकर आणि पशुपालक या रस्त्यांनी आले. त्यांच्याबरोबर लेकी-सुनाही आल्या. त्यांच्या तोंडी गाणी होती.

आणि इथं त्यांना नदी मिळाली ती तापी! महाभारताच्या आदिपर्वात तपती ही सूर्याची मुलगी आहे. संवरण राजाशी तिचं लग्न होतं आणि त्यांचा मुलगा कुरू. परंपरा हिलाच तापी मानते. मुलताईला उगम, सुरतेजवळ समुद्र, एकूण प्रवास 724 किलोमीटर. सुरतेचं जुनं नाव परंपरेनं सूर्यपूर सांगितलं जातं. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्यावरून, गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशावरून ती वाहते. कानबाईला सोमवारी तापीवर किंवा तिला मिळणाऱ्या नदीनाल्यावर नेतात. सूर्याच्या घरची देवी सूर्याच्या मुलीच्या पाण्यात स्नान करते, हा योग या खोऱ्यातच जुळतो.

सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा समाजाची आकाशाशी असलेली ओळख वेगळ्या कुळाची आहे. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची होळी फाल्गुनी पौर्णिमेच्या चांदण्यात रात्रभर ढोलावर नाचून पहाटे पेटते. पावऱ्यांच्या इंदलपूजेत रात्रभर गायणा चालतो. त्यांची कुळकथा त्यांच्याच गायकांच्या तोंडून यायला हवी. तिला कानबाईच्या दावणीला बांधणं बरोबर नाही.

खानदेशात सूर्य-चंद्राकडे पाहण्याची आणखी एक परंपरा होती, हेही नोंदवायला हवं. चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. गणिती-ज्योतिषी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला निकुंभ राजांनी दिलेल्या दानाची ही नोंद आहे. दान शके 1128 च्या श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी दिलं. तारीख येते 9 ऑगस्ट 1207. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. त्या मठात ग्रहणाचं गणित घोकलं जाई. तो मठ आज नाही. मंदसोरचं सूर्यमंदिरही राहिलं नाही, मोढेऱ्याच्या गाभाऱ्यात मूर्ती नाही. राजाश्रय गेला, मगांचे मंत्र बहुतेक ठिकाणी विसरले गेले. ज्या सूर्यपूजेला पुजारी लागत होते ती आटली, आणि जिला फक्त बाया, नारळ आणि गाणी लागत होती ती तापीकाठी टिकली. कानबाईला देऊळ लागत नाही. एकीनं ओळ सोडायची, बाकीच्यांनी उचलायची, एवढ्या सामग्रीवर हा उत्सव कित्येक पिढ्या चालत आला.

आज मात्र तिला धोका आहे तो याच ठिकाणी. 1900 च्या सुमारास तापी खोऱ्याची रेल्वे झाली आणि खानदेशी माणूस मोठ्या संख्येनं सुरतेच्या कापडधंद्यात गेला. तिथल्या वस्त्यांतही आता कानबाईच्या मिरवणुका निघतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मिरवणूक मोठी होत जाते तशी रात्र लहान होते. ध्वनिवर्धकावर तयार गाणी वाजतात आणि घरातल्या म्हाताऱ्या आईच्या ओठांवरची ओळ तिथंच राहते. डॉ. रमेश सूर्यवंशी, डॉ. सुधीर देवरे यांच्यासारख्या अभ्यासकांनी अहिराणीचे शब्द, गाणी आणि रीती नोंदवायला मोठे कष्ट घेतले. तरी छापलेल्या ओळींत चाल येत नाही, ठेका येत नाही, कुठली ओळ नारळाला नथ घालताना म्हणायची आणि कुठली नदीवर, हेही येत नाही.

1977 मध्ये अमेरिकेनं दूरच्या ग्रहांकडे व्हॉयेजर यानं सोडली, ती पुढं सूर्यमालेबाहेर जाणार होती. त्यांच्यावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत गोव्याच्या केरीत जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, आणि मराठीतला एक नमस्कारही आहे. माणसाचं गाणं ताऱ्यांपर्यंत पोचावं म्हणून एवढा खटाटोप झाला. तापीकाठच्या बाया पिढ्यान्‌पिढ्या सूर्यालाच ऐकू जाईल असं गात आल्या आहेत, आणि त्यांचं गाणं आपण जमिनीवरसुद्धा नीट जपलेलं नाही.

म्हणून खानदेशातल्या प्रत्येक घराला माझी विनंती आहे. येत्या श्रावणात कानबाई बसेल तेव्हा थोडा वेळ ध्वनिवर्धक बंद ठेवा. आजीला, काकीला, मावशीला चौरंगासमोर बसवा आणि त्या म्हणतील ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा. गाणारीचं नाव, तिचं माहेर, गाणं कुणाकडून शिकली आणि ते कोणत्या वेळी म्हणतात, एवढं सोबत लिहून ठेवा. आणि घरातल्या मुलीला त्यांतलं एक तरी गाणं पाठ करायला लावा.