धूसर पार्श्वभूमीचे गणित : महाग लेन्सपेक्षा अंतर मोलाचे

नवा कॅमेरा हाती आला की बहुतेक हौशी छायाचित्रकारांची पहिली इच्छा एकच असते. चेहरा रेखीव, लख्ख यावा आणि त्याच्या मागचे सारे विरघळून जावे. कामोठ्यासारख्या वसाहतीत ही इच्छा अधिकच तीव्र होते. सिडकोने वसवलेल्या या उपनगरात इमारती दाटीने उभ्या आहेत. चेहऱ्यामागे खिडक्यांची ग्रिल, वाळत घातलेले कपडे, दुचाकींच्या रांगा आणि केबलच्या तारा ठरलेल्याच. हा पसारा पुसायचा तर महाग लेन्स हवी, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

धूसरपणा येतो कोठून?

लेन्स एका वेळी एकाच अंतरावरील वस्तू नेमकी स्पष्ट दाखवू शकते. त्या अंतराच्या पुढेमागे काही पट्टा आपल्या डोळ्यांना स्पष्ट भासतो. त्याला ‘डेप्थ ऑफ फील्ड’ म्हणतात. या पट्ट्याबाहेरचा प्रत्येक बिंदू छायाचित्रात बिंदू न राहता लहानमोठी चकती होतो. अशा असंख्य चकत्या एकमेकींत मिसळल्या की पार्श्वभूमी धूसर दिसते. या धूसरपणाच्या पोताला ‘बोके’ हा मूळचा जपानी शब्द वापरतात. १९९७ साली एका अमेरिकी छायाचित्रण मासिकातील लेखांमुळे तो इंग्रजीत रुळला. आपल्याकडच्या बोक्यांशी त्याचा काही संबंध नाही!

चकतीचा आकार चार गोष्टी ठरवतात : लेन्सचे छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर, लेन्सचे नाभीय अंतर म्हणजे फोकल लेंग्थ, कॅमेरा व व्यक्ती यांतील अंतर आणि व्यक्ती व पार्श्वभूमी यांतील अंतर. पहिल्या दोन गोष्टींना पैसे पडतात. उरलेल्या दोन फुकट आहेत.

छिद्राचा हिशेब

अ‍ॅपर्चरचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. नाभीय अंतराला या आकड्याने भागले की छिद्राचा व्यास मिळतो. ५० मिलिमीटर, एफ/१.८ या लेन्सचे छिद्र सुमारे २८ मिलिमीटरचे असते. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स ५५ मिलिमीटरवर एफ/५.६ इतकीच उघडते. म्हणजे तिचे छिद्र जेमतेम १० मिलिमीटरचे. हीच लेन्स १८ मिलिमीटरवर एफ/३.५ पर्यंत उघडते, पण तेथे छिद्र ५ मिलिमीटरच भरते. म्हणून किट लेन्स वापरताना झूम पूर्ण पुढे न्यावा. आकडा मोठा झाला तरी छिद्र मोठेच राहते.

आता अंतराकडे पाहू. एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर, एफ/१.८ लेन्सने दीड मीटरवरील चेहरा टिपला, तर स्पष्ट पट्टा साधारण साडेसहा सेंटिमीटरचा असतो. तीन मीटरवर गेलो की तो सुमारे चौपट, म्हणजे २६ सेंटिमीटरचा होतो. जवळ जाण्याचा लाभ इतका मोठा आहे.

पण खरी किमया चौथ्या गोष्टीत आहे. महाग लेन्स घेऊन आपण दीड मीटरवरील व्यक्तीला भिंतीपुढे अर्ध्या मीटरवर उभे केले आणि दुसऱ्याने किट लेन्स ५५ मिलिमीटरवर ठेवून, तेवढ्याच अंतरावरील व्यक्तीला भिंतीपासून साडेचार मीटर पुढे आणले, तर त्या भिंतीवरील बिंदूची चकती दोघांच्या छायाचित्रांत जवळजवळ सारखीच येते. किंबहुना किट लेन्सची किंचित मोठीच! चार मीटर पुढे सरकण्याला काहीही खर्च येत नाही.

कामोठ्यात कोठे उभे राहावे?

इमारतीच्या गच्चीवर व्यक्तीला कठड्याजवळ, पण त्याला न टेकता, सुरक्षित उभे करावे. मागची इमारत शंभर मीटरवर असेल, तर ती रंगांचा ठिपका होऊन जाते. सोसायटीच्या आवारात कुंपणाला पाठ लावून उभे न करता मोकळ्या जागेच्या मध्यावर आणावे. सायंकाळी दूरचे पथदिवे आणि वाहनांचे दिवे गोल चकत्यांसारखे उमटतात. दिवाळीत आकाशकंदील व विजेच्या माळा हेच काम घरात करतात, फक्त त्या व्यक्तीपासून दोन-तीन मीटर मागे हव्यात.

कॅमेऱ्याची तबकडी ‘ए’ किंवा ‘एव्ही’वर ठेवून सर्वांत लहान आकडा निवडावा. फोकस कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर असावा. साडेसहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात नाकाचे टोक स्पष्ट आणि डोळे पुसट, असा प्रकार सहज घडतो. कुटुंबाचा समूह असेल, तर सर्वांना एका रेषेत उभे करावे किंवा आकडा एफ/५.६ पर्यंत वाढवावा. भर दुपारी उघड्या छिद्रातून प्रकाश फार येतो. अशा वेळी सावली शोधावी.

मोबाइलची गोष्ट निराळी. त्याच्या मुख्य लेन्सचे छिद्र काही मिलिमीटरचेच असते, त्यामुळे नैसर्गिक धूसरपणा कमी. ‘पोर्ट्रेट मोड’ अंतराचा अंदाज बांधून पार्श्वभूमी संगणकाने पुसतो. मोकळे केस, चष्म्याची काडी, गजऱ्याची कड येथे तो चुकतो. मोबाइलवरही वरचाच नियम पाळावा. पार्श्वभूमी दूर आणि साधी असली की संगणकाच्या चुका कमी दिसतात.

काय पुसावे, काय राखावे?

धूसर पार्श्वभूमी चेहऱ्याला न्याय देते, पण जागेची साक्ष पुसून टाकते. कामोठ्याचे मूळ गाव, त्याभोवती उभे राहिलेले सेक्टर, २०१६ साली स्थापन झालेली पनवेल महानगरपालिका आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला जवळचाच नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ. या परिसराचे रूप एका पिढीच्या डोळ्यांदेखत पालटले आहे. जुन्या अल्बममध्ये मुलांच्या मागे दिसणारा मोकळा भूखंड किंवा अर्धवट बांधलेली इमारत आज चेहऱ्याइतकीच मोलाची वाटते. तेव्हा ती धूसर केली असती, तर आता पाहायला काहीच उरले नसते.

म्हणून महत्त्वाच्या प्रसंगी दोन छायाचित्रे घ्यावीत. एक छिद्र पूर्ण उघडून, चेहऱ्यासाठी. दुसरे काही पावले मागे जाऊन, एफ/८ वर, जागेसाठी. पहिले आज सर्वांना आवडेल. दुसऱ्याची किंमत वीस वर्षांनी कळेल.