धुंगार : उरलेल्या विस्तवाची चव

माझ्या लहानपणी देवगाव रंगारीत 'स्मोकर' हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता, पण धुंगार मात्र घरोघरी ठाऊक. वांग्याचं भरीत किंवा मठ्ठा तयार झाला की भांड्यात मधोमध वाटी ठेवायची, तीत चुलीतला लाल निखारा, त्यावर चिमूटभर हिंग आणि तुपाचे चार थेंब. धूर उठला रे उठला की वर झाकण. पाच मिनिटांत काम फत्ते!

ही युक्ती जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा (राज्यकाल ११२६ ते ११३८) याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात जेवणाखाणाचं मोठं प्रकरण आहे. हिंगाच्या धुराने पदार्थ सुवासिक करण्याचा उल्लेख त्यात येतो. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, मराठवाड्याला अगदी लागून. गंमत म्हणजे हिंग मुळात परदेशी. तो अफगाणिस्तान-इराणकडून यायचा. लाहौल खोऱ्यात त्याच्या लागवडीचा प्रयोग सुरू झाला तो थेट ऑक्टोबर २०२० मध्ये. म्हणजे नऊशे वर्षं आपण दूरदेशीचा डिंक इथल्या निखाऱ्यावर जाळतो आहोत.

मग धुंगार मागे का पडला? मला वाटतं, चव बदलली म्हणून नव्हे, निखारा गेला म्हणून. चुलीवर स्वयंपाक झाला की विस्तव उरायचाच. इंडेनचा गॅस १९६५ साली कोलकात्यात सुरू झाला, मग शहरोशहरी पोचला. उज्ज्वला योजनेने मे २०१६ नंतर तो खेड्यांतल्या अनेक घरांत नेला. गॅसच्या निळ्या ज्योतीतून निखारा उरत नाही. याचं मला दुःख नाही हो. फुंकणी फुंकून लाल झालेले आजीचे डोळे आणि तिचा खोकला मी पाहिलाय. चूल गेली ते बरंच झालं.

आता मावसबहीण विचारते, कोळशाचा स्मोकर कुठला घेऊ? माझं उत्तर : घट्ट झाकणाचं जाड पातेलं, स्टीलची छोटी वाटी आणि चिमटा. वाटी नसेल तर कांद्याची जाड पाकळीही चालते. कोळसा लाकडाचाच हवा. दगडी कोळसा अजिबात नको. त्यावर पांढरी राख धरेपर्यंत तो पेटू द्यावा. नीट पेटलेल्या कोळशाला धूर जवळपास नसतोच. धूर येतो तो निखाऱ्यावर जळणाऱ्या तुपाचा आणि हिंगाचा. पदार्थातल्या तेलातुपाला तो पटकन धरतो, म्हणून भरीत, डाळ, दही यांना वास लवकर लागतो. फार वेळ झाकून ठेवलं की मात्र कडवटपणा येतो. आणि खिडकी उघडी ठेवायची. पेटत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो कळतही नाही.

धुंगाराचं आजीला फारसं कौतुक नव्हतं. "इस्तव वाया कशाला घालवायचा?" एवढंच ती म्हणायची. तिच्या काटकसरीतून आलेल्या चवीसाठी आज आपण मुद्दाम कोळसा विकत आणतो.

असो. तुमच्याकडे धुंगार कशाकशाला देतात?